लेकरं सांभाळणारीचा रोज कोणी ठरवला?

मंडळी, आजची पोस्ट लांब आहे. सवडीने वाचा, पण वाचा.

प्रश्न साधा आहे. घरात दोन-तीन बारकी लेकरं आहेत. आई-बाप दोघंही कामावर जातात. दिवसभर लेकरांजवळ राहायला एक बाई ठेवायची आहे. तिला महिन्याचे किती द्यायचे?

आपल्या लोणारात हा प्रश्न आता पहिल्यापेक्षा जास्त ऐकू येतो. बदली होऊन आलेले शिक्षक, दवाखान्यातल्या नर्स, बँकेतली पोरं, दुकान चालवणारी जोडपी. आजी-आजोबा गावाकडे शेती सांभाळत असतात. मग शेजारची दोन घरं मिळून एक बाई बघतात. आणि दराची गोष्ट निघाली की तीन उत्तरं हमखास येतात. पहिलं, "लेकरामागे हजार." दुसरं, "पहिल्याचे पूर्ण द्या, दुसऱ्याचे अर्धे, तिसरं तर त्यांच्यासोबत खेळतंच." आणि तिसरं उत्तर चहाच्या टपरीवरचं: "बसूनच तं रायते ते. तिले काय्चे इतके पैसे?"

उल्का पडून ५२ हजार वर्षं झाली की ५ लाख ७० हजार, यावर आपण पाहुण्यांसमोर तासभर बोलू शकतो. पण लेकरं सांभाळणाऱ्या बाईचा रोज कोणत्या हिशेबाने ठरतो, हे विचारलं की सगळे एकमेकांकडे बघतात. म्हणून म्हटलं, या दराचा इतिहास एकदा नीट मांडू. हा इतिहास आपल्या वऱ्हाडातूनही जातो.

सुरुवात गावगाड्यापासून करू.

जुन्या गावात बारा बलुतेदार होते. सुतार, लोहार, कुंभार, चांभार, परीट, न्हावी, गुरव आणि बाकीचे. यादी गावागावात थोडी बदलते, पण तत्त्व एकच: गावाचं काम करतो त्याचा खळ्यावर हक्क. पीक निघालं की त्याच्या वाट्याचं धान्य त्याच्या घरी गेलंच पाहिजे. आता ही यादी कुठलीही काढून बघा. लेकरं सांभाळणारी तिच्यात सापडत नाही. बाळंतपण करणाऱ्या सुईणीला निदान लुगडं-चोळी, नारळ, पायलीभर धान्य मिळायचं. पण त्यानंतरची पाच-सहा वर्षं ते लेकरू कोणी बघायचं? आजीनं, नाहीतर आठ वर्षांच्या बहिणीनं. ते काम गावाच्या हिशेबातच नव्हतं. जे काम खळ्यावर मोजलं गेलं नाही त्याचा दर ठरायचा प्रश्नच आला नाही.

मोठ्या घरात मात्र दर होता. संभाजी महाराजांचा जन्म १६५७ चा, पुरंदरावरचा. त्यांना दूध पाजायला कापूरहोळच्या गाडे घराण्यातली धाराऊ आली. शिवाजी महाराजांनी तिला वर्षाला २६ होनांची तैनात लावून दिली आणि तिच्या मुलांना चाकरीत घेतलं, असं परंपरेने सांगतात. म्हणजे या कामाची किंमत आपल्याला कळत नव्हती असं नाही. लेकरू कोणाचं आहे यावर ती ठरत होती.

मग आल्या गिरण्या आणि जिन.

१८७० साली जलंबहून खामगावला रेल्वेचा फाटा आला आणि आपल्या जिल्ह्यातला कापूस थेट मुंबईकडे निघाला. खामगावात जिन-प्रेस उभे राहिले. तिकडे मुंबईत कापडगिरण्या धडधडू लागल्या. दोन्हीकडे बायका कामाला. लेकरू घरी ठेवायला कोणी नाही, आणि कामावर नेलं तर कापसाच्या धुळीत ठेवायचं. यावर गरीब बाईला परवडणारा एकच उपाय निघाला: अफू. लेकराला अफूची बाळागोळी चाटवायची म्हणजे ते दिवसभर पडून राहतं. १९२२ च्या सुमारास डॉ. बार्न्स या बाई-डॉक्टरांनी मुंबईच्या गिरणी कामगार बायकांची पाहणी केली, तेव्हा त्यांना आढळलं की जवळजवळ सगळ्याच आयांच्या तान्ह्या लेकरांना अफू दिली जात होती. आपल्याकडच्या जुन्या माणसांना विचारा. निंदणीला जाताना लेकराला अफूचा बोट चाटवायची पद्धत त्यांनी ऐकलेली असते.

म्हणजे लेकरं सांभाळणारीचा रोज कोणी दिला नाही म्हणून तो खर्च वाचला, असं झालं नाही. तो लेकराच्या अंगातून वसूल झाला. माझ्या मते या सगळ्या इतिहासाचं सार एवढंच आहे, आणि पुढे ते पुन्हापुन्हा दिसेल.

यावर कायदे झाले. १९२८ मध्ये मुंबईच्या कायदेमंडळात बाळंतपणाच्या पगारी रजेचं विधेयक आलं. त्याच्या बाजूने डॉ. बाबासाहेब आंबेडकर बोलले. आईला त्या दिवसांत विश्रांती मिळणं हे देशाच्या हिताचं आहे, आणि त्याचा भार सरकारनेही उचलायला हवा, अशी त्यांची मांडणी होती. १९२९ मध्ये मुंबई प्रांतात तो कायदा झाला. स्वातंत्र्यानंतर १९४८ चा कारखाने कायदा आला. त्याचं कलम ४८ सांगत होतं की ठरावीक संख्येपेक्षा जास्त बायका कामाला असतील तर सहा वर्षांखालच्या लेकरांसाठी खोली हवी. ही संख्या आधी ५० होती, १९७६ च्या दुरुस्तीने ३० झाली. खोलीत उजेड हवा, वारा हवा, ती स्वच्छ हवी. आणि पुढचं वाक्य महत्त्वाचं आहे: ती खोली लेकरांच्या संगोपनाचं शिक्षण घेतलेल्या बाईच्या ताब्यात हवी.

बघा, १९४८ मध्येच कायद्याने मान्य केलं की हे शिकून करायचं काम आहे. पण त्या बाईला किती द्यायचे, यावर हे कलम गप्प होतं.

त्याच सुमारास ठाणे जिल्ह्यात, आताच्या पालघर भागात, दोन बायकांनी वेगळंच काम काढलं. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ. १९४५ मध्ये बोर्डीला त्यांनी ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं. बालवाडी काढली, पण दलित वस्तीतली लेकरं तिथवर येईनात. मग ताराबाईंनी बालवाडीच वस्तीच्या अंगणात नेली. 'अंगणवाडी' हा आज देशभर चालणारा शब्द तिथला, अस्सल मराठी. १९५७ मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. गुरं राखणाऱ्या आदिवासी पोरांसाठी कुरणशाळा झाली. ताराबाईंना पुढे पद्मभूषण मिळालं आणि अनुताईंना पद्मश्री. या दोघींनी दाखवून दिलं की गरिबाचं तीन वर्षांचं लेकरू सांभाळणं म्हणजे नुसतं राखण ठेवणं नव्हे. गाणी, खडे, बिया, पानं यांतूनच ते शिकतं.

त्या दोघींनी आयुष्य झोकून काम केलं, पैशाकडे बघितलं नाही. त्यांचा मोठेपणा निर्विवाद आहे. पण पुढे सरकारने त्यांच्या कामाचा शब्द उचलला आणि त्यांचा सेवाभावही उचलला. तो मात्र दुसऱ्या बायकांकडून फुकटात वसूल करायला.

त्याकडे येतोच. त्याआधी बहात्तरचा दुष्काळ.

तेव्हा मी पाच वर्षांचा होतो. मिलोची लाल भाकर आठवते, सुकडीचा वास आठवतो. माय मंठ्याकडे जाणाऱ्या रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जायची. माझी धाकटी बहीण अंगावर पिणारी. बाभळीच्या फांदीला लुगड्याची झोळी बांधलेली असायची. अशा सात-आठ झोळ्या, आणि खाली आम्ही रांगणारी-पळणारी दहा-बारा पोट्टी. एक म्हातारी आमच्यावर नजर ठेवायची. डोळ्याने अधू होती, खडी फोडायला तिचा उपयोग नव्हता. पण हजेरीपटावर तिचं नाव होतं.

काम मोजून दाम, असा प्रकार. संध्याकाळी खडीचे ढीग मोजले जायचे. म्हातारीचा ढीग कुठून येणार? तर प्रत्येक माय आपल्या ढिगातली एक-दोन टोपली तिच्या नावाच्या ढिगात टाकायची. मोजणीला आलेल्या माणसाला ते दिसत होतं, आणि तो दुसरीकडे बघायचा. अशा रीतीने त्या म्हातारीला रोज पडायचा. खडी फोडणारीला जेवढा, जवळपास तेवढाच.

त्या बायकांना ना वाचता येत होतं ना लिहिता. पण त्यांनी दर काढला होता. त्यांचा हिशेब असा: ही बाई आपल्याजवळ बसली म्हणून आपल्या आठ जणींचे हात मोकळे झाले. तेव्हा हिचा दिवस आपल्या दिवसाएवढाच. लेकरामागे किती, पहिल्याचं पूर्ण आणि दुसऱ्याचं अर्धं, असली भाषाच तिथं नव्हती.

१९७३ च्या मे महिन्यात महाराष्ट्रात दुष्काळी कामांवर जवळपास ५० लाख लोक होते. त्यात बायका फार मोठ्या संख्येनं होत्या. त्याच अनुभवातून, आणि वि. स. पागे यांनी १९६५ पासून लावून धरलेल्या कल्पनेतून, रोजगार हमीचा कायदा आला. तो १९७७ मध्ये मंजूर झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला. कामावर पाणी, सावली आणि लेकरांसाठी सोय असली पाहिजे, ही गोष्ट या योजनेत आली. पुढे २००५ मध्ये देशाचा रोजगार हमी कायदा झाला, त्याच्या दुसऱ्या अनुसूचीत हे आणखी नेमकं लिहिलं गेलं: कामावर सहा वर्षांखालची पाच किंवा जास्त लेकरं आली, तर एका बाईला त्यांना सांभाळायला नेमायचं, आणि तिला मजुरीचा दर द्यायचा.

हे वाक्य पुन्हा वाचा. लेकरं पाच असोत की आठ, सांभाळणारीला पूर्ण रोज. बाभळीखालच्या बायकांनी टोपल्या टाकून जे ठरवलं होतं, तेच ३०-३२ वर्षांनी देशाच्या कायद्यात आलं. माझ्या माहितीत आपल्या देशात या प्रश्नाला दिलेलं सगळ्यात प्रामाणिक उत्तर हेच.

हा कायदा कामावर किती पाळला गेला, ते तुम्ही आम्ही बघितलंय. बऱ्याच ठिकाणी पाळणाघर फक्त फलकावर. पण तत्त्व लिहिलं गेलं, हे विसरू नका.

आता दुसरं उत्तर बघा, तेही सरकारचंच.

२ ऑक्टोबर १९७५ ला एकात्मिक बाल विकास सेवा योजना सुरू झाली. देशभरात ३३ ठिकाणी. त्यात आपल्याच अमरावती विभागातलं मेळघाटातलं धारणी होतं. ताराबाईंचा शब्द देशाने घेतला: अंगणवाडी. बाईला नाव मिळालं 'सेविका', तिच्या हाताखालची 'मदतनीस', आणि पगाराला नाव मिळालं 'मानधन'.

सुरुवातीचे आकडे ऐका. मॅट्रिक झालेल्या सेविकेला महिन्याला १५० रुपये. मॅट्रिक नसलेलीला १००. मदतनीसला ३५. महिन्याचे ३५! कामाचे २६ दिवस धरले तर दिवसाला सव्वा रुपयाच्या थोडं वर.

त्यानंतर केंद्राने मॅट्रिक सेविकेचं मानधन असं वाढवलं. १९७८ ला १७५. १९८६ ला २७५. १९९२ ला ४००. १९९७ ला ५००. २००२ ला १,०००. २००८ ला १,५००. २०११ ला ३,०००. २०१८ ला ४,५००. मदतनीसला आधी निम्म्याहूनही कमी, १९९२ पासून साधारण त्याच्या निम्मे. २०१८ नंतर केंद्राचा आकडा कित्येक वर्षं तिथंच थांबला. वरची भर राज्यं आपापल्या परीने घालतात.

एवढं कमी का? कारण ही नोकरी नाही, मानाची सेवा आहे, असं सांगितलं गेलं. बाई आपल्याच गावची, चार तास येते, लेकरांत रमते. मान घ्या, धनाचं नंतर बघू. प्रत्यक्षात काम वाढतच गेलं. वजनं, उंच्या, लसीकरण, गरोदर बायकांच्या भेटी, आहार वाटप, सर्व्हे, आणि आता मोबाइलवर रोजची माहिती भरणं.

२००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की अंगणवाडी सेविका सरकारी पदावर नाहीत. सोळा वर्षांनी, २५ एप्रिल २०२२ ला, गुजरातच्या मणिबेन भारिया यांच्या प्रकरणात त्याच न्यायालयाने निकाल दिला की सेविका आणि मदतनीस यांना ग्रॅच्युइटी मिळालीच पाहिजे. न्यायमूर्ती अजय रस्तोगी आणि आपल्या ठाण्याचे न्यायमूर्ती अभय ओक यांचं ते खंडपीठ. त्यात एक गोष्ट फार मोलाची आहे: नाव मानधन असलं तरी कायद्याच्या दृष्टीने ते वेतन आहे. शब्दाची जादू त्या दिवशी उतरली.

पण पैसे शब्दाने येत नाहीत, ते रस्त्यावर बसून आले. सप्टेंबर २०१७ मध्ये महाराष्ट्रातल्या सेविकांनी जवळपास महिनाभर संप केला, तेव्हा मानधन ५,००० चं ६,५०० झालं. २०२३ च्या अर्थसंकल्पात ते ८,३२५ वरून १०,००० झालं. ४ डिसेंबर २०२३ ला सुरू झालेला संप ५० दिवसांहून जास्त चालला. आपल्या बुलढाण्यातल्या सेविकाही त्या थंडीत बसल्या होत्या. २०२४ च्या वाढीनंतर सेविकेला १३,००० आणि मदतनीसला ७,५००, वर कामगिरीप्रमाणे प्रोत्साहन भत्ता.

आता दोन्ही उत्तरं शेजारी ठेवा. २०२५-२६ साली महाराष्ट्रात रोजगार हमीचा दर दिवसाला ३१२ रुपये. २६ दिवसांचे होतात ८,११२. आणि लेकरांचे हातपाय धुणारी, त्यांना खाऊ घालणारी, शी-शू काढणारी मदतनीस घेते ७,५००. माती उचलण्याच्या दरापेक्षा लेकरू उचलण्याचा दर कमी! आणि हे पन्नास वर्षांच्या संप-मोर्चांनंतर.

तरी अंगणवाडी ही दिवसभराची सोय नाहीच. तीन ते सहा वर्षांची लेकरं काही तास तिथं असतात. तीन वर्षांखालचं लेकरू घरीच. दुपारनंतर सगळीच घरी. दिवसभराच्या सोयीसाठी आता केंद्राची 'पाळणा' योजना आहे. अंगणवाडीलाच जोडून पाळणाघर, सहा महिने ते सहा वर्षांची २५ लेकरं, दिवसाला साडेसात तास. कल्पना उत्तम. पण तिच्यात पाळणा सेविकेला ५,५०० आणि मदतनीसला ३,००० धरलेत. दोघींचे मिळून ८,५००. २५ लेकरांवर वाटा: लेकरामागे महिन्याला ३४० रुपये, म्हणजे दिवसाला १३. एवढ्यात बिस्किटाचा बरा पुडा येतो.

आणि जिथं हा रोज कोणीच देत नाही, तिथं काय होतं? ऊसतोडीच्या फडावर बघा. आपल्या भागातूनही जोडपी कारखान्यांना जातात, वीटभट्टीवर जातात. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक 'कोयता'. पैसे तोडलेल्या टनावर. बाई लेकराजवळ थांबली की कोयता अर्धा, आणि कमाईही अर्धी. उचल तर आधीच घेतलेली, ती फेडायचीच असते. मग कोपीवर लेकराजवळ कोण थांबतं? आठ-नऊ वर्षांची मोठी पोरगी. कारखान्यांवर साखरशाळा काढल्या गेल्या, पण कडेवर लेकरू असलेली पोरगी शाळेत कशी बसणार? म्हणजे सांभाळणारीचा रोज इथंही दिला जातोय. फक्त तो त्या पोरीच्या शाळेच्या वर्षांतून कापला जातो.

गिरणीत अफूतून, फडावर शाळेतून. मी वर म्हटलं ते सार ते हेच.

आता परत आपल्या दाराशी येऊ. दोन घरं, तीन लेकरं, एक बाई. किती द्यायचे?

लेकरामागे हजार धरले तर तिला महिन्याला ३,००० मिळतात. म्हणजे दिवसाला ११५ रुपये. त्याच बाईला सोयाबीन सोंगायला किंवा कापूस वेचायला नेलं तर एवढ्यात ती अर्धा दिवसही येणार नाही. तिथं तिला दर माहीत आहे, आपल्यालाही माहीत आहे. मग उंबऱ्याच्या आत आली की तिचा दिवस एक-तृतीयांश किमतीचा कसा होतो?

घरकामाच्या बायकांसाठी महाराष्ट्रात २००८ चा कल्याण मंडळाचा कायदा आहे. त्यात नोंदणी आहे, कल्याणाच्या योजना आहेत. या घरगुती व्यवहारात दर किती, ते मात्र शेवटी आपणच ठरवतो. म्हणून मी बाभळीखालचा हिशेब धरतो. आधी बाईचा दिवस मोजायचा, मग लेकरांवर वाटायचा. उलटं करायचं नाही.

तिचा पूर्ण दिवस जातो ना? मग तळाचा आकडा रोजगार हमीचा: ३१२ गुणिले २६, म्हणजे ८,११२. हा तळ आहे, बरं. दिवस आठ तासांपेक्षा लांबला, रविवारी बोलावलं, स्वयंपाक-भांडी गळ्यात टाकली, तर त्याचे वेगळे. दोन घरं असतील तर प्रत्येकी ४,०५६. लेकराप्रमाणे वाटायचं तर तीन लेकरांचे २,७०४ प्रत्येकी. वाटणी कशीही करा, ती आपसातली गोष्ट आहे. बाईच्या हातातला आकडा त्याने कमी व्हायला नको. एका घरचं लेकरू आठ दिवस मामाकडे गेलं म्हणून तिचा रोज कापणं तर अजिबात नको. तिनं आपला दिवस तुमच्यासाठी राखून ठेवलेला असतो.

आणि दर वाढवून लेकरंही वाढवत जायची, हाही उपाय नाही. इंग्लंडमध्ये दोन वर्षांखालची लेकरं सांभाळणाऱ्या केंद्राला तीन लेकरांमागे एक माणूस ठेवावं लागतं. आपल्याकडे केंद्र सरकारच्या २०१८ च्या पाळणाघरांच्या मार्गदर्शक सूचना तीन वर्षांखालच्या दहा लेकरांमागे एक म्हणतात, आणि ते तयार पाळणाघरात, जिथं जागा आणि सोयी आहेत. घरात एकटी बाई, गॅस, जिना, न्हाणीतली पाण्याची बादली, आणि रांगणारी तीन लेकरं, एवढं भरपूर झालं. चौथं तान्हं आलं तर पैसे वाढवाच, पण पैशाने हात वाढत नाहीत. दुसरी बाई लागते. एक लेकरू जिन्याकडे आणि दुसरं बादलीकडे निघालं की दोन हातांची बाई कोणाकडे धावणार?

यावर कोणीतरी म्हणेल, आणि बरोबरच म्हणेल: "भाऊ, आमचाच पगार बारा हजार. कंत्राटी नोकरी. आठ हजार बाईला देऊन आम्ही खायचं काय?" खरी अडचण आहे. पण तिचं उत्तर बाईचा रोज कमी करणं हे नाही, कारण मग एका गरीब घराची अडचण दुसऱ्या अधिक गरीब घरावर ढकलली जाते. तिलाही घरी लेकरं आहेत. ती तुमची सांभाळायला येते तेव्हा तिची कोण सांभाळतं, हे कधी विचारलंय?

उत्तर वाटणीत आहे. दोन घरांनी भागत नसेल तर तीन घरं आणि मोठी लेकरं. त्यानंही भागत नसेल तर ते काम गावाचं आहे. ग्रामपंचायतीला आपल्या उत्पन्नाच्या १० टक्के रक्कम महिला आणि बालकल्याणावर खर्च करायची असते. ती शिलाई मशीन आणि हळदी-कुंकवाच्या कार्यक्रमात संपते. दसऱ्यापासून संक्रांतीपर्यंत, सोयाबीन काढणी आणि कापूस वेचणीच्या दिवसांत, अंगणवाडीच्या खोलीत दुपारनंतर पाळणाघर का चालू नये? दोन बायका, दोघींना पूर्ण रोज. वेचणी किलोवर असते. लेकरू पाठीशी नसलं तर बाई दिवसाला किती किलो जास्त वेचते, हे प्रत्येक शेतकऱ्याला ठाऊक आहे. म्हणजे फायदा फक्त आयांचा नाही, ज्याच्या वावरात कापूस फुटलाय त्याचाही आहे. त्यानंही आपली टोपली टाकावी.

येत्या ग्रामसभेत हा विषय लेखी द्या. आपल्या लोणार नगरपरिषदेत जे निवडून आलेत त्यांनाही विचारा. तालुक्यात 'पाळणा' योजनेची केंद्रं किती मंजूर आहेत आणि त्यातली दिवसभर उघडी किती, हा माहिती अधिकारात मागण्यासारखा प्रश्न आहे. मी अर्ज लिहितोय. सोबत सही करायची असेल तर सांगा.

आणि एक काम आजच करा. तुमच्या वस्तीत लेकरं सांभाळायचा काय दर चालतो, किती लेकरं, किती तास, तेवढं खाली लिहा. बाईचं नाव लिहू नका, आकडा लिहा. गावगाड्याच्या यादीत हे काम कधी नव्हतं. निदान आपल्या गावची यादी तरी आपण करू.